कट्ट्यावरचे दूध आणि विश्वासाचे अर्थकारण



कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर सकाळी किंवा सायंकाळी जाणाऱ्यास एक दृश्य हमखास दिसते. म्हैस उभी आहे, गवळी धार काढतो आहे आणि ग्राहक भांडे घेऊन शेजारीच थांबला आहे. फेसाळ दुधाचा पेला तेथेच रिकामा करणारेही कमी नसतात. दूध कोणाचे, केव्हा काढले, त्यात पाणी किती, हे प्रश्न येथे उद्भवतच नाहीत. सारा व्यवहार ग्राहकाच्या डोळ्यांदेखत होतो.

ही प्रथा राजर्षी शाहू महाराजांच्या काळापासून चालत आल्याचे सांगितले जाते. महाराजांनी १८९४ ते १९२२ या कारकीर्दीत कुस्तीला उदार आश्रय दिला. खासबागेचे मैदान १९१२ साली उभे राहिले. ज्या शहरात तालमी नांदतात, तेथे चांगल्या दुधाला मागणी असते आणि त्या मागणीतून गवळ्यांची घरेही नांदतात. मल्ल, गवळी आणि म्हैस असे हे परस्परावलंबी जीवन होते.

या कट्ट्यामागे उभे असते एक कुटुंब. पहाटे घरातील कर्ता पुरुष गोठ्यात शिरतो, तेव्हा घरची लक्ष्मीही उठलेली असते. शेण काढणे, वैरण घालणे, पेंड भिजवणे, रेडकू सोडून म्हशीला पान्हा फोडणे ही कामे घरातल्या घरात वाटलेली असतात. म्हैस गाभण राहिल्यापासून विईपर्यंत सुमारे दहा महिने लागतात. आटलेल्या म्हशीलाही पोटभर चारा द्यावाच लागतो. दूध देत नाही म्हणून तिचे खाणे थांबत नाही. या धंद्याला रविवार नाही, सण नाही, घरात लग्न असले तरी सुट्टी नाही. पगारी माणसांच्या बळावर हे गणित फार काळ जुळत नाही. ते जुळते कुटुंबाच्या एकोप्यावर.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर या पट्ट्यातील पंढरपुरी म्हैस या कुटुंबांची खरी सोबतीण. तलवारीसारखी लांब शिंगे, काटक शरीर आणि साध्या वैरणीवर तग धरण्याची क्षमता ही तिची वैशिष्ट्ये. मुऱ्हा म्हशीइतके दूध ती देत नाही. मात्र इथल्या उन्हाला आणि उसाच्या वाड्याला ती सरावलेली आहे. दिवाळी पाडव्याला गवळी बांधव तिला न्हाऊमाखू घालतात, कवड्यांनी आणि मोरपिसांनी सजवतात, मिरवतात. मालकाच्या हाकेसरशी त्याच्या मागे धावणारी म्हैस पाहिली की पशुधन या शब्दातील 'धन' म्हणजे केवळ पैसा नव्हे, हे ध्यानात येते.

सहकारी संघांचे कार्य या संदर्भात कमी लेखून चालणार नाही. गोकुळ या नावाने ओळखला जाणारा कोल्हापूर जिल्हा संघ १९६३ साली स्थापन झाला आणि खेडोपाडीच्या अल्पभूधारकाला मुंबईची बाजारपेठ मिळाली. १९७० ते १९९६ या काळातील दुग्धक्रांतीने देशाला दुधात स्वयंपूर्ण केले. परंतु मोठ्या व्यवस्थेलाही मर्यादा असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला, पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद राहिला आणि दुधाचे टँकर अडकून पडले. लांब साखळीतील एक कडी निखळली की दोन्ही टोके हतबल होतात. म्हणून समाजाला दोन्ही हवेत : दूरच्या शहराला दूध पोहोचवणारा संघ आणि गल्लीच्या गरजेला पुरणारा गोठा.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनावर चार व्याख्याने दिली. माणूस यंत्राचा दास होऊ नये, उत्पादन विकेंद्रित असावे, प्रत्येक हाताला काम मिळावे, असा विचार त्यांनी मांडला. योगायोग असा की त्याच वर्षी आणंद येथे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची स्थापना झाली. कुटुंबाचा गोठा हे त्या विचाराचे चालते-बोलते उदाहरण होय. मालक आणि मजूर येथे एकच, आणि उत्पादक व ग्राहक एकमेकांना नावाने ओळखतात.

तथापि, परंपरेचा अभिमान म्हणजे दोषांकडे डोळेझाक नव्हे. धारोष्ण दुधाची गोडी कितीही असली, तरी न तापवलेल्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिस यांसारखे रोग पसरू शकतात, हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे. जनावरांची नियमित तपासणी, लसीकरण, स्वच्छ कास आणि स्वच्छ भांडे यांत हयगय होता कामा नये. घरी नेलेले दूध उकळूनच घ्यावे. पान्ह्यासाठी इंजेक्शन टोचण्याचा मोह तर कटाक्षाने टाळला पाहिजे. शहरातील शेणाचा प्रश्नही खरा आहे. मुंबईतील गोठे हलवण्यासाठी १९४९ साली आरे वसाहत उभारली गेली. १९७६ साली राज्यात शहरी भागातील गुरे पाळण्यावर नियंत्रण आणणारा कायदा झाला. गोठे शहराबाहेर जाणारच असतील, तर त्यांना जागा, पाणी आणि कट्ट्यापर्यंतची वाट मिळावी, एवढी अपेक्षा रास्त आहे.

यापेक्षा मोठे संकट मात्र गोठ्याच्या बाहेर आहे. पेंड महागली, चरण्याची माळराने इमारतींखाली गेली, हे गवळी सोसतो. पण शिकलेला मुलगा गोठ्यात थांबला की त्याला मुलगी कोण देणार, या प्रश्नापुढे त्याचे वडील निरुत्तर होतात. शुद्ध दुधाची मागणी करणारे सुशिक्षित घरच शेणाने माखलेल्या हाताचा संकोच करते. दुधाला लिटरमागे दोन रुपये जास्त सांगितले की घासाघीस करते, आणि उपाहारगृहाचे देयक मुकाट्याने भरते. श्रमाची प्रतिष्ठा व्यासपीठावरून सांगायची आणि सोयरीक जुळवताना विसरायची, ही विसंगती जोवर आहे, तोवर कोणतीही योजना या घरांना तारू शकणार नाही.

वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा करणाऱ्या प्रत्येक घराने त्या दिवशी आपल्या गवळ्याचे नाव, त्याच्या गोठ्याचा पत्ता आणि त्याच्या मुलाचे शिक्षण किती झाले, एवढे तरी विचारावे. रास्त दर आनंदाने द्यावा, अस्वच्छता दिसल्यास स्पष्ट सांगावे. कट्टा टिकवण्याचे काम एकट्या गवळ्याचे नाही. भांडे घेऊन शेजारी उभ्या राहणाऱ्याचेही ते तितकेच आहे.