अरण्यशाळेंतील माझा पहिला धडा



अडतीस वर्षें मीं मुलांना शिकविलें. वर्गाच्या भिंतीवर झाडांचे, पक्ष्यांचे व कीटकांचे तक्ते टांगले आणि छडीचें टोंक त्यांवर ठेवून नांवें पाठ करून घेतलीं. त्या मुलांपैकीं कितीजणांनीं एखादें पान हातीं घेऊन पाहिलें असेल, हा प्रश्न मला कधीं पडला नाहीं. तो पडला सेवानिवृत्तीनंतर, परदेशांत, चिखलांत उकिडवा बसलों असतां. ती हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

माझी कन्या इंग्लंडांत एका रुग्णालयांत नोकरीला आहे. गेल्या हिवाळ्यांत मी तिच्याकडे राहिलों होतों. तिची चार वर्षांची मुलगी आठवड्यांतील एक सकाळ अरण्यशाळेंत घालविते. लहान मुलांनीं आईबापांसह यावयाचें, असा तेथील परिपाठ. कन्येला कामामुळें सवड नव्हती, म्हणून तिच्या जागीं मी जाऊं लागलों.

अरण्यशाळा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढें ऋषींचा आश्रम उभा राहील. पण तसें तेथें कांहीं नाहीं. गांवाबाहेरचें ओकच्या झाडांचें एक लहानसें रान, मध्यें शेकोटीची जागा, भोंवतीं बसावयास ओंडके, आणि मुलांनीं कोठवर जावें हें दाखविणाऱ्या झाडांना बांधलेल्या रंगीत फिती. पाऊस असो वा थंडी असो, जाड कपडे व गमबूट घालून मंडळी जमतात. सोसाट्याचा वारा सुटला तरच फांद्या पडण्याच्या भयानें सुटी. रान मात्र दर आठवड्याला तेंच. ज्या झाडाखालीं मुलानें वाळलेल्या पानांचा ढीग पाहिला, त्याच झाडाला पुढें पालवी फुटतांना तें पाहतें.

या प्रथेचें मूळ डेन्मार्कांत आहे. १९५० नंतरच्या दशकांत एला फ्लाटाउ या बाईंनीं तेथें लहान मुलांना रोज रानांत नेण्यास आरंभ केला. १९९३ सालीं इंग्लंडांतील ब्रिजवॉटरच्या महाविद्यालयांतून बालसंगोपनाचे विद्यार्थी व अध्यापक डेन्मार्कला गेले, आणि परतल्यावर त्यांनीं तसाच उपक्रम आपल्याकडे सुरू केला. आज त्या देशांत तो ठिकठिकाणीं चालतो.

पहिल्याच दिवशीं माझ्या नातीच्या सांगण्यावरून आम्हीं एक कुजका ओंडका उलटला. खालीं करड्या पाठीचे, चवळीच्या दाण्याएवढे जीव धांवपळ करूं लागले. माझ्यांतील मास्तर तत्काळ जागा झाला. "बाळ, हे कीटक बरें का! कीटकाला सहा पाय असतात," मीं सांगूं लागलों. तिचें लक्ष नव्हतें. एक जीव तिनें अलगद तळहातावर घेतला होता. थोड्या वेळानें ती म्हणाली, "आजोबा, याला सहापेक्षां पुष्कळ पाय आहेत."

"नीट मोज," मीं म्हणालों.

तेथील शिक्षिका जवळच उभी होती. तिनें मला सुधारलें नाहीं, कीं मुलीला शाबासकी दिली नाहीं. खिशांतून भिंग काढून मुलीच्या हातीं दिलें आणि ती बाजूस झाली. आम्ही दोघें मोजावयास बसलों. तो जीव वळे, मोजणी चुके, पुन्हां एकापासून आरंभ. अखेर एका बाजूला सात भरले, दुसऱ्या बाजूलाहि सात. घरीं येऊन पुस्तक उघडलें. तो कीटक नव्हताच. खेकडा व कोळंबी ज्या वर्गांतले, त्याच वर्गांतला, पण जमिनीवर राहणारा प्राणी होता.

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. माझा एक जुना विद्यार्थी आठवत राहिला. मीं वर्गांत कोळ्याला कीटक म्हटलें, तेव्हां तो उठून म्हणाला होता, "गुरुजी, कोळ्याला आठ पाय असतात." मीं त्याला "शहाणपणा पुरे" म्हणून खालीं बसविलें होतें. तो वर्षभर पुन्हां कधीं कांहीं बोलला नाहीं.

आईबापांना तेथें बोलावितात तें मुलांना सांभाळण्यासाठीं, अशी माझी समजूत होती. खरें कारण हळूहळू उमगलें. मुलें पाहण्यास मुळांतच समर्थ असतात. शिकावयाचें असतें तें मोठ्यांनीं. मूल आडव्या खोडावर चढलें तर "पडशील!" असें ओरडूं नये, जवळ उभें राहून "आतां पाय कोठें ठेवशील?" असें विचारावें. उत्तर जिभेवर आलें असतां तें गिळणें किती कठीण, हें मास्तरालाच ठाऊक!

हें सर्व परकीय मानूं नका. ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापिलें. १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर गेलें. गुरें राखावीं लागत म्हणून ज्या आदिवासी मुलांना शाळेंत येतां येत नसे, त्यांच्यासाठीं ताराबाई व अनुताई वाघ यांनीं शाळाच रानांत नेली. ती कुरणशाळा. त्या मुलांपाशीं रान होतें, शाळा नव्हती. आपल्या शहरी मुलांपाशीं शाळा आहे, रान नाहीं.

तेव्हां घराजवळचें एक झाड निवडा आणि आठवड्यांतून एकदां मुलासह त्याच्यापाशीं घटकाभर बसा. आपल्याकडे विंचूसापाचें भय आहे, म्हणून दगड आपण काठीनें उलटावा. पाहणें मात्र मुलावर सोपवावें. त्यानें कांहीं विचारलें तर आधीं त्याच्याबरोबर पाहा, मग बोला.

तो विद्यार्थी आतां चाळिशीच्या घरांत असेल. हें भाषण त्याच्या कानीं पडलें, तर त्यानें एवढें समजावें कीं, कोळ्याचे पाय त्यानें बरोबर मोजले होते.