बासमतीचे गणगोत

तांदळाचा दाणा पाहून त्याचे कूळ ओळखता येते, असे आपण समजतो. लांब, सडसडीत आणि शिजल्यावर मोकळा होणारा तो इंडिका. आखूड, गोलसर, चिकट होणारा तो जॅपोनिका. ढोबळमानाने हे बरोबरही आहे. या हिशेबाने आपला बासमती इंडिकाच ठरायला हवा. तो तसा नाही, हे सांगितले भाताच्या रोपातल्या विकरांनी.

विकर म्हणजे एन्झाइम, पेशीतली रासायनिक कामे घडवून आणणारे प्रथिन. तेच काम करणारे विकर दोन वाणांत किंचित वेगळे असू शकते. प्रथिनाच्या साखळीतला एखादा दुवा बदललेला असतो आणि त्यामुळे त्यावरचा विद्युतभार वेगळा असतो. हा फरक पकडण्याची रीत स्वयंपाकघराला शोभेल अशी आहे. भाताचे कोवळे रोप ठेचायचे, त्याचा रस कागदाच्या चिमुकल्या तुकड्यात टिपून घ्यायचा, तो तुकडा स्टार्चच्या थंड जेलीत खोचायचा आणि जेलीतून वीज सोडायची. भाराप्रमाणे विकरे कमी-अधिक अंतर सरकतात. मग रंगद्रव्य घातले की पट्टे उमटतात. अनेक विकरांचे पट्टे जुळले, तर नाते जवळचे.

पण दाण्यापेक्षा या पट्ट्यांवर विश्वास का ठेवायचा? दाण्याची लांबी, सुवास, रोपाची उंची हे सारे शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवले. दूरचे दोन वाणही त्यामुळे सारखे दिसू लागतात. जेलीतले पट्टे मात्र कोणी पाहिलेच नव्हते, मग निवडणार कोण? त्यामुळे त्यांत जुने नाते टिकून राहिले.

ज्याँ-क्रिस्तोफ ग्लाझमान या फ्रेंच शास्त्रज्ञांनी आशियातले १६८८ पारंपरिक वाण १५ जनुकस्थानांवर असे तपासले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात वाणांचे सहा गट पडले. इंडिका आणि जॅपोनिका हे दोन मोठे, बाकीचे चार लहान. त्यांतला पाचवा गट बासमतीचा आणि तो झुकला जॅपोनिकाकडे!

हा केवळ वंशावळीचा नाद नव्हे. इंडिका आणि जॅपोनिका यांच्या संकरातून अनेकदा पोचट दाण्यांच्या लोंब्या येतात. बासमतीचा भरघोस पीक देणाऱ्या इंडिका वाणांशी संकर करू पाहणाऱ्यांना हाच अनुभव येत असे. त्याचे एक कारण आता हाती आले.

या पद्धतीला मर्यादा आहेत. ज्या बदलाने भार बदलत नाही, तो जेलीत दिसत नाही. म्हणून पुढे थेट डीएनए तपासण्यात आला. २००५ सालच्या अभ्यासातही सुगंधी गट जॅपोनिकाच्याच जवळ निघाला. २०२० साली ‘बासमती ३३४’ आणि इराणचा ‘दोम सुफिद’ यांचे संपूर्ण जनुकसंच वाचून झाले, तेव्हा त्यांत मोठा वाटा जॅपोनिकाचा निघाला. त्यात मिसळलेला दुसरा वाटा होता बंगालकडच्या लवकर पिकणाऱ्या ‘आउश’ भाताचा.