भातखाचरातील चतुर आणि टाचण्या
(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



भात निसवण्याच्या सुमारास खाचरावर चतुर घिरट्या घालताना आपण दरवर्षी पाहतो. फवारणी करावी की नाही, हे ठरविताना या कीटकाचाही विचार करावा, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

बसल्यावर पंख आडवे पसरून ठेवतो तो चतुर. बहुतेक टाचण्या पंख मिटून बसतात व त्यांचे शरीर सुईसारखे बारीक असते. दोघांचीही पिल्ले पाण्यात वाढतात. पिल्लाचा खालचा ओठ घडीचा असतो. भक्ष्य टप्प्यात येताच तो झटकन पुढे जातो. डासांच्या अळ्या अशाच पकडल्या जातात. पूर्ण वाढलेले पिल्लू चुडावर चढते, कात टाकते आणि चतुर उडू लागतो. लहान टाचण्या तर चुडांमधून फिरून तुडतुडे टिपतात.

चतुरांचे पूर्वज सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे डायनोसॉरच्याही आधी, पृथ्वीवर उडत होते. त्यांतील काहींच्या पंखांचा विस्तार दोन फुटांहून अधिक होता. आपल्याकडे पावसाळ्यात दिसणाऱ्या पिवळसर भटक्या चतुराचे पिल्लू साधारण दीड-दोन महिन्यांत वाढते. त्यामुळे डबके आटण्यापूर्वीच ते उडून जाऊ शकते. आटणाऱ्या पाण्याशी या कीटकाने जुळवून घेतले, परंतु पाण्यातील विषापुढे पिल्लाचा निभाव लागत नाही.

जपानचे उदाहरण पाहा. तेथील भातखाचरात वाढणारा 'अकी-आकाने' हा लाल चतुर 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अनेक भागांत झपाट्याने कमी झाला. रोपांच्या ट्रेमध्ये वापरल्या जाणाऱ्या काही कीटकनाशकांकडे संशोधकांनी बोट दाखविले. प्रायोगिक खाचरांत फिप्रोनिलमुळे चतुरांची पिल्ले मोठ्या प्रमाणात मेली. हे औषध आपल्याकडेही भातावर वापरले गेले आहे.

यात आपले नुकसान कसे होते? अनावश्यक फवारणीने कोळी, टाचण्या, मित्रढेकूण मरतात. तपकिरी तुडतुड्यांची अंडी मात्र पानाच्या आवरणात सुरक्षित राहतात. त्यातून निघालेल्या पिल्लांना खाणारे कोणी उरत नाही आणि कीड पूर्वीपेक्षा अधिक फोफावते.

एकटा चतुर कीड आटोक्यात आणील असे नाही. म्हणून पुढील गोष्टी कराव्यात :

1. आठवड्यातून एकदा खाचरात फिरून चुडाच्या बुंध्याशी तुडतुडे मोजावेत. मित्रकीटकही पाहावेत.
2. सर्वसाधारणपणे चुडामागे 5 ते 10 तुडतुडे आढळल्याशिवाय फवारणी करू नये.
3. फवारणी करावीच लागली तर शिफारस केलेले औषध, शिफारशीइतकेच, बुंध्याकडे मारावे.
4. फवारणीनंतर खाचराचे पाणी लगेच ओढ्यात सोडू नये. पंप व डबे ओढ्यात धुऊ नयेत.

शेजाऱ्याने पंप उचलला म्हणून आपणही उचलू नये. आधी खाचरात उतरून मोजावे, मगच निर्णय घ्यावा. औषधाचे पैसे वाचतील आणि खाचरातले राखणदारही टिकतील.