पोट भरल्याचा निरोप



लठ्ठपणा आणि चयापचयाच्या विकारांवरील या परिषदेसाठी पुण्यात आलेल्या आपणा सर्वांचे स्वागत समितीच्या वतीने मनःपूर्वक स्वागत. दुपारी मसालेभात आणि जिलबी आहे. परिषदेचा विषय भोजन समितीच्या कानावर घातला होता, पण उपयोग झाला नाही!

ही परिषद पुण्यात भरणे उचितच. इथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र काढलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपली माणसे दिसायला सडपातळ, पण चरबी जास्त आणि स्नायू कमी.

‘कमी खा, चालायला जा’ एवढ्यावर पेशंटची बोळवण करण्याचे दिवस आता सरले, कारण वजन उतरवणारी औषधे हाताशी आली आहेत. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ हे हार्मोन सुटते. ते साखर वाढलेली असताना स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, जठर सावकाश रिकामे होऊ देते आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचवते. पण रक्तात ते जेमतेम एक-दोन मिनिटे टिकते. न्यूयॉर्कच्या डॉ. जॉन एंग यांना गिला मॉन्स्टर या सरड्याच्या विषात त्याच्यासारखाच, पण टिकाऊ रेणू सापडला आणि २००५ साली त्यावरून बेतलेले एक्झेनाटाइड अमेरिकेत मंजूर झाले. त्याच कुळातले आजचे सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा टोचले की पुरते. चाचणीत त्याने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरवले. मला त्याहून मोलाचा वाटतो तो दुसरा आकडा: मधुमेह नसलेल्या, पण वजन जास्त आणि हृदयविकार असलेल्या १७ हजारांवर रुग्णांत हृदयाघात, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी घटले.

औषध थांबवले, की वर्षभरात उतरलेल्या वजनातले दोन तृतीयांश परत येते, हेही चाचणीतच दिसले. म्हणून ‘लग्नाआधी दहा किलो उतरवून द्या’ म्हणणाऱ्याला ही सुई देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय उतरणाऱ्या वजनात स्नायूही जातात, आणि आपल्याकडे ते मुळातच कमी.

तेव्हा वक्त्यांना विनंती: नुसते किलो दाखवू नका. कंबरेचा घेर, साखर, स्नायू यांचे काय झाले तेही सांगा. आणि गावोगावहून आलेल्या फॅमिली डॉक्टरांनो, औषध कोणाला द्यायचे नाही, हे त्यांना आवर्जून विचारा.