योगशिक्षकाची पहिली शाळा

स्वतः उत्तम पोहणारा मनुष्य दुसऱ्यास पोहावयास शिकवूं शकेलच असें नाहीं, हें सर्वांस मान्य असतें. योगासनांच्या बाबतींत मात्र या साध्या व्यवहाराचा विसर पडतो. चार-पांच वर्षें नियमानें आसनें करणारी एखादी व्यक्ति योगशिक्षकांच्या वर्गांत नांव घालते, तेव्हां तिची कल्पना बहुधा अशी असते कीं, जें येतें तेंच तेथें अधिक पक्कें होईल व अखेरीस एक प्रमाणपत्र पदरांत पडेल. वर्गांत बसल्यावर मात्र असें आढळून येतें कीं, आसन करणें ही एक विद्या आहे आणि आसन शिकविणें ही दुसरी.

या दुसऱ्या विद्येचें मोल पुण्याला चांगलें ठाऊक आहे. १९३७ सालीं एकोणीस वर्षेंही पुरीं न झालेला एक तरुण म्हैसूरहून येथें आला. त्याचें नांव बी. के. एस्. अय्यंगार. डॉ. गोखले यांच्या खटपटीनें त्याला डेक्कन जिमखान्यावर योगासनें शिकविण्यास बोलाविलें होतें, आणि तेंही केवळ सहा महिन्यांच्या बोलीनें. बालपणींच्या मलेरिया, विषमज्वर व क्षय या दुखण्यांनीं त्याची प्रकृति खंगलेली होती; मराठी भाषा येत नव्हती; आणि पुढें उभे असलेले विद्यार्थी शिक्षणानें व कित्येकदां वयानेंही वरचढ होते. म्हैसुरास टी. कृष्णमाचार्य यांच्याजवळ थोडीं वर्षें काढलीं, एवढीच त्याची शिदोरी. शिकवावें कसें, हें शिकविणारी शाळा त्याच्या वाट्याला आली नाहीं. ती उणीव त्यानें रोजच्या दीर्घ अभ्यासानें व विद्यार्थ्यांच्या शरीराचें निरीक्षण करून भरून काढली. सहा महिन्यांसाठीं आलेले अय्यंगार पुण्याचेच झाले. १९६६ सालीं त्यांचा ‘लाइट ऑन योगा’ हा ग्रंथ निघाला, १९७५ सालीं शिवाजीनगर भागांत पत्नीच्या स्मरणार्थ त्यांची संस्था उभी राहिली, आणि २०१४ सालीं येथेंच त्यांनीं देह ठेवला.

पुण्याजवळ लोणावळ्यास दुसरी वाट तयार झाली. स्वामी कुवलयानंद यांनीं १९२४ सालीं तेथें कैवल्यधाम स्थापिलें आणि यौगिक क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हें क्ष-किरण व इतर यंत्रांच्या साहाय्यानें तपासण्याचा उपक्रम चालविला. पुढें योगशिक्षणाचें महाविद्यालयही तेथें निघालें. शिक्षकाला ग्रंथांबरोबर शरीरशास्त्रही अवगत असलें पाहिजे, हा विचार त्यामुळें दृढ झाला.

आजच्या अभ्यासक्रमांत या दोन्ही वाटांचे ठसे दिसतात. पहांटे आसनें व प्राणायाम, जलनेतीसारख्या शुद्धिक्रिया, अस्थि व स्नायूंची ओळख, पातंजल योगसूत्रें व हठप्रदीपिका यांचें वाचन, असा दिनक्रम असतो. पण खरी कसोटी लागते ती सहाध्यायांपुढें पाठ घेतांना. शिक्षक वर्गाकडे तोंड करून उभा असतो. तो “उजवा पाय” म्हणतो त्या वेळीं त्याला स्वतःचा डावा पाय पुढें करावा लागतो, आणि पहिल्या दिवशीं हात, पाय व जीभ या तिघांचा मेळ कांहीं केल्या जमत नाहीं. “पाठ सरळ ठेवा,” एवढें सांगितल्यानें कोणाची पाठ सरळ होत नाहीं. एकजण छाती फुगवितो, दुसरा हनुवटी वर करतो, तिसरा श्वास कोंडून धरतो. तेव्हां कोठें उमजतें कीं, आपले शब्द दुसऱ्याच्या शरीरांत जाऊन काय होतात, हें पाहणें म्हणजेच शिकविणें.

याहून अवघड भाग संयमाचा. ज्याला रक्तदाबाचा किंवा काचबिंदूचा विकार आहे, ज्याची मान दुखावलेली आहे, त्याला शीर्षासनास लावणें धोक्याचें असतें; गर्भवतीचा अभ्यास निराळा आणि सत्तरीच्या गृहस्थांचा निराळा. अय्यंगारांनीं लांकडी विटा, पट्टे, दोर, खुर्च्या यांचा जो उपयोग रूढ केला, त्याचें मर्म हेंच कीं, शरीराला आसनाच्या सांच्यांत कोंबावयाचें नसून आसन शरीराजवळ आणावयाचें असतें. कोणाला काय शिकवूं नये, हें ज्याला कळत नाहीं, त्याच्या हातीं दुसऱ्याची मान सोंपविणें योग्य नव्हे.

आतां काळाचा हिशेब. पुष्कळ अभ्यासक्रम २०० तासांचे असतात. हें प्रमाण अमेरिकेंतील एका योगसंघटनेनें रूढ केलें व तें जगभर पसरलें. रोज दोन तास धरले तर हे अवघे १०० दिवस होतात, आणि कित्येक ठिकाणीं ते एका महिन्यांतच उरकले जातात. उलट अय्यंगार-परंपरेंत शिक्षकाचें प्रमाणपत्र मिळण्यापूर्वीं कित्येक वर्षें शिक्षकाजवळ अभ्यास करावा लागतो. म्हणून शुल्क भरण्यापूर्वीं उमेदवारानें संस्थेची इमारत व छापील माहितीपत्रक पाहून समाधान मानूं नये. प्रत्येकाच्या वांट्यास किती पाठ येतील, ते कोण पाहणार, चूक कोण दाखविणार आणि शिकविणारांचा स्वतःचा अनुभव किती, एवढें त्यानें अवश्य विचारावें.

असा वर्ग पुरा केलेल्या मनुष्यास आसनें पूर्वींपेक्षां फार सुंदर येऊं लागतील असें नाहीं. पण समोरच्याचा श्वास अडला तर तो त्याच्या लक्षांत येईल, आणि शंका वाटली तर तो आसन थांबवील. प्रमाणपत्र मिळाल्यावर चार-सहा विद्यार्थ्यांचा लहानसा वर्ग घ्यावा, स्वतःच्या गुरूकडे जाणें सोडूं नये, आणि रोगनिवारणाचीं आश्वासनें कोणास देऊं नयेत. पहिल्या वर्गाकडून एवढीच अपेक्षा बाळगावी. आणि ती पुरी झाली, तर तो वर्ग सार्थकीं लागला असें खुशाल समजावें.