तार तुटली तर यंत्र थांबले पाहिजे



मुंबईत २०१४ साली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. तिच्या स्थानकांवर सरकते जिने आहेत, त्यांना लाल बटण असते. अशा बटणातून वीज एरवी वाहतच असते. दाबले की तुटते, जिना थांबतो. उंदराने तार कुरतडली तरी जिना थांबतोच. बिघाड झाला तरी माणूस वाचावा, हा तिथला हिशेब.

आणि आपल्याकडे? कडबाकुट्टी साध्या खटक्यावर. लाइन जाते, खटका चालूच राहतो. अडकलेला कडबा काढायला हात घालावा आणि लाइन यावी! बोटे जातात. वर ऐकायचे, शेतकरी निष्काळजी.

स्टार्टर लावा. लाइन गेली की त्याची कॉइल सुटते. हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. रात्रीच्या लाइनीपायी पंपाला ऑटो बसवतो, ती आपली मजबुरी. पण कुट्टीला, मळणीयंत्राला ऑटो नको. लाल बटण हाताशी हवे. हात घालण्याआधी मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा.

दिवसाची वीज आपण मागूच. ती मागायला वर करायचे हात आधी शाबूत ठेवा.