प्रश्नांनी वाढणारे ज्ञान
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त पाठ)



पन्नास वर्षांच्या वाटचालीबद्दल संस्थेचे मनःपूर्वक अभिनंदन. या मंगल प्रसंगी पदव्युत्तर शिक्षणातील एका उपेक्षित गोष्टीकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. ती गोष्ट म्हणजे मोजक्या विद्यार्थ्यांचा सेमिनार.

आपल्याकडे सेमिनार म्हटले की व्यासपीठ, हारतुरे आणि प्रमाणपत्रे डोळ्यांपुढे येतात. मूळ कल्पना निराळी आहे. दहा-बारा विद्यार्थी आणि एक प्राध्यापक मेजाभोवती बसतात. एक जण स्वतः लिहिलेला निबंध वाचतो. इतर त्यातील व्याख्या, पुरावे आणि निष्कर्ष तपासतात. एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्यापीठांत रुजलेली ही पद्धत पुढे अमेरिकेत गेली.

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर यांच्या व्याख्या त्यांनी एकेक करून पारखल्या व जातीअंतर्गत विवाह हेच जातीचे मर्म असल्याचे प्रतिपादन केले. आपला सिद्धांत टिकणारा नाही असे दाखवून दिल्यास तो सोडण्याची तयारीही त्यांनी दर्शविली. १९१७ मध्ये हा निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’त प्रसिद्ध झाला. थोरांचे मत निर्भयपणे तपासावे आणि स्वतःचे मतही तपासणीस खुले ठेवावे, हा सेमिनारचा खरा संस्कार होय.

त्याच बाबासाहेबांच्या संस्थेने १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आपल्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. त्याला पुढे ‘मिलिंद’ हे नाव मिळाले आणि परिसर ‘नागसेनवन’ झाला. राजा मिलिंद प्रश्न विचारणारा, भिक्खू नागसेन उत्तर देणारा. विद्यामंदिराला प्रश्नकर्त्याचे नाव लाभावे, हे किती अर्थपूर्ण आहे!

१९५८ मध्ये मराठवाड्याला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले आणि उच्च शिक्षणाची दारे खेडोपाडी उघडली. घरातील पहिला पदवीधर असलेला विद्यार्थी भरलेल्या वर्गात मागच्या बाकावर मूक बसतो. व्याख्यानातून त्याला माहिती मिळते. परंतु आपले मत मांडण्याची व ते सिद्ध करण्याची पाळी त्याच्यावर येत नाही. लहान वर्गात ती येतेच.

म्हणून विश्वस्तांना माझी नम्र विनंती आहे. नव्या सभागृहाआधी एक लहान खोली, एक लांब मेज आणि आठवड्यातील दोन तास विद्यार्थ्यांना द्यावेत. तेथे हार नको, प्रमाणपत्र नको. प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी निबंध वाचावा आणि इतरांच्या प्रश्नांना उत्तर द्यावे, एवढाच नियम असावा.